तटस्थ अमेरिका १८१२ च्या युद्धात कशी ओढली गेली

एसेक्स नावाचे एक अमेरिकी व्यापारी जहाज बार्सिलोनाहून माल भरून मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरात आले. तिथे माल उतरवला, त्यावर जकात भरली, जहाजाची डागडुजी झाली, आणि तोच माल पुन्हा चढवून ते स्पेनच्या ताब्यातल्या हवानाकडे निघाले. वाटेत स्पेनशी युद्धात असलेल्या ब्रिटिशांनी ते पकडले. खटला लंडनपर्यंत गेला आणि १८०५ मध्ये अपील न्यायाधीशांनी निकाल दिला तो असा: माल पुन्हा बाहेर गेला की सेलमला भरलेल्या जकातीचा बहुतेक भाग परत मिळतो, त्यामुळे तिथला मुक्काम नावापुरताच होता. माल बार्सिलोनाहून हवानालाच चालला होता आणि म्हणून जप्ती योग्य.

१८१२ च्या अमेरिका-ब्रिटन युद्धाचा अभ्यास मला इथून सुरू करावासा वाटतो. या युद्धावर लिहिताना बहुतेकजण जळालेल्या वॉशिंग्टन शहरापासून किंवा न्यू ऑर्लिन्सच्या लढाईपासून सुरुवात करतात. पण एक तरुण, सैन्याला मनापासून घाबरणारे आणि युद्ध टाळण्यासाठी वाटेल तो कायदा करून पाहणारे प्रजासत्ताक जगातल्या सर्वांत मोठ्या आरमाराशी भिडले, याची मुळे जकातीच्या पावत्यांत आणि जहाजांच्या कागदपत्रांत आहेत.

तटस्थतेची कमाई

१७९३ मध्ये ब्रिटन आणि क्रांतिकारी फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेची तटस्थता जाहीर केली. पुढची बारा वर्षे दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ असाच मामला होता. फ्रान्स आणि स्पेनची व्यापारी जहाजे ब्रिटिश आरमाराच्या भीतीने बंदरात बसून राहिली. त्यांच्या कॅरिबियन वसाहतींमधली साखर, कॉफी, कोको युरोपला न्यायला अमेरिकी जहाजे पुढे आली. माल आधी अमेरिकी बंदरात आणायचा, मग ‘अमेरिकी माल’ म्हणून पुढे पाठवायचा, ही त्यातली युक्ती. १७९२ मध्ये ही फेरनिर्यात २० लाख डॉलरच्याही आत होती. १८०७ मध्ये ती ६ कोटींच्या घरात गेली. १७९४ च्या जे-करारामुळे ब्रिटिशांच्या ताब्यातली भारतातली बंदरेही अमेरिकी जहाजांना खुली झाली होती, आणि सेलम-बॉस्टनचे व्यापारी मुंबई, मद्रास, कोलकात्याशी व्यवहार करू लागले होते.

ब्रिटनची बाजूही समजून घ्यायला हवी, नाहीतर प्रकरण एकतर्फी होते. १७५६ पासून ब्रिटिशांचा एक नियम होता: शांततेच्या काळात जो व्यापार परक्यांना बंद असतो, तो युद्ध सुरू झाल्यावर खुला करता येणार नाही. फ्रान्स आपल्या वसाहतींचा व्यापार एरवी अमेरिकनांना करू देत नव्हता. मग युद्धात अमेरिकी झेंड्याखाली तोच माल जाऊ देणे म्हणजे शत्रूचा खजिना आपल्याच डोळ्यांदेखत भरू देणे. एसेक्सच्या निकालामागे हा विचार होता. तो निकाल येईपर्यंत ब्रिटिश काणाडोळा करत होते, आणि त्या काणाडोळ्यालाच अमेरिकन आपला हक्क समजू लागले होते. माझ्या मते या साऱ्या गोंधळाचे मूळ हेच. दुसऱ्याने दिलेली सवलत आणि स्वतः राखलेला हक्क यांतला फरक वॉशिंग्टन शहरात कुणी गंभीरपणे मोजला नाही.

खलाशी

मालाचा प्रश्न पैशांनी सुटू शकला असता. माणसांचा सुटणार नव्हता.

ब्रिटिश आरमाराला लाखाहून अधिक माणसे लागत होती. पगार कमी, शिस्त क्रूर, घरी परतण्याची शाश्वती नाही. म्हणून खलाशी पळत, आणि अमेरिकी व्यापारी जहाजांवर कितीतरी जास्त पगारावर चढत. त्यांना परत आणण्यासाठी ब्रिटिश अधिकारी भर समुद्रात अमेरिकी जहाजे थांबवत, सगळ्यांना डेकवर रांगेत उभे करत आणि ब्रिटिश वाटेल त्याला उचलून नेत. जन्माने जो ब्रिटिश, तो मरेपर्यंत राजाचा प्रजाजन, अशी लंडनची भूमिका होती. अमेरिकेत मात्र काही वर्षांच्या वास्तव्यानंतर परक्याला नागरिकत्व मिळत असे. एकाच माणसावर दोन देशांचा दावा, आणि निवाडा करणार बंदूकधारी लेफ्टनंट, ज्याला स्वतःच्या जहाजावर माणसे कमी पडत आहेत. नागरिकत्वाचे दाखले खलाशी जवळ बाळगत, पण ते खोटेही मिळत, म्हणून खऱ्यालाही किंमत उरली नाही. १८१२ पर्यंत अशा सक्तीच्या भरतीत सापडलेल्या अमेरिकनांची संख्या ६,००० ते १०,००० दरम्यान असावी असे इतिहासकार मानतात.

एक गोष्ट अमेरिकेनेही उघडपणे मान्य केली नाही. १८०७ मध्ये अर्थमंत्री आल्बर्ट गॅलटिन यांनी हिशेब करून पाहिला, तेव्हा परदेशी व्यापारातल्या अमेरिकी जहाजांवर साधारण ९,००० कुशल खलाशी ब्रिटिश निघाले. त्यांना परत करायचे म्हटले तर अमेरिकी जहाजवाहतूकच लंगडी पडली असती. त्यामुळे ‘आम्ही तुमची माणसे घेत नाही, तुम्ही आमची घेऊ नका’ हा साधा सौदा करायला राष्ट्राध्यक्ष जेफरसन तयार नव्हते. मन्रो आणि पिंकनी या अमेरिकी वकिलांनी (राजदूतांनी) १८०६ च्या अखेरीस लंडनमध्ये जो तह केला, त्यात व्यापाराच्या बऱ्याच सवलती होत्या, पण खलाशांबद्दल शब्द नव्हता. जेफरसन यांनी तो सेनेटपुढे ठेवलाच नाही.

मग २२ जून १८०७ चा दिवस आला. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ लेपर्ड या ब्रिटिश युद्धनौकेने चेसापीक या अमेरिकी युद्धनौकेला थांबवून पळपुटे खलाशी मागितले. व्यापारी जहाज अडवणे निराळे, राष्ट्राच्या युद्धनौकेची झडती मागणे निराळे. कमोडोर बॅरन यांनी नकार दिला. चेसापीक लढायला सज्जच नव्हती. लेपर्डच्या तोफांनी ३ जण ठार, १८ जखमी झाले आणि चार माणसे उतरवून नेली गेली. त्यांतला एक, जेन्किन रॅटफर्ड, खरोखर ब्रिटिश होता. त्याला हॅलिफॅक्सला फाशी दिली. उरलेले तिघे अमेरिकी होते. पक्षभेद विसरून सारा देश पेटला. त्या क्षणी युद्ध पुकारले असते तर जनता मागे उभी राहिली असती. जेफरसन यांनी वेगळा मार्ग धरला.

व्यापार हेच शस्त्र

त्याच सुमारास युरोपातल्या दोन शक्ती एकमेकींचा गळा व्यापाराने आवळायला निघाल्या होत्या. ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईनंतर समुद्र ब्रिटनचा, ऑस्टरलिट्झच्या लढाईनंतर जमीन नेपोलियनची. समोरासमोर भेटण्याची सोय नाही, म्हणून वार मधल्यांवर. नोव्हेंबर १८०६ मध्ये नेपोलियनने बर्लिनहून फर्मान काढून ब्रिटिश बेटांची नाकेबंदी जाहीर केली. नोव्हेंबर १८०७ च्या ब्रिटिश ‘ऑर्डर्स इन काउन्सिल’ (राजाच्या सल्लागार मंडळामार्फत निघालेले हुकूम) प्रमाणे युरोपला जाणाऱ्या तटस्थ जहाजाने आधी ब्रिटिश बंदरात यावे, कर भरावा, परवाना घ्यावा. डिसेंबरमध्ये मिलानहून नेपोलियनचे उत्तर आले: जे जहाज ब्रिटिशांना झडती देईल किंवा कर भरेल, ते ब्रिटिश समजून जप्त होईल. आता अमेरिकी कप्तानाला एकाचा कायदा पाळला की दुसऱ्याचा गुन्हेगार व्हावे लागे. १८१२ पर्यंत ब्रिटिशांनी सुमारे ९००, फ्रेंचांनी ५०० हून अधिक अमेरिकी जहाजे पकडली.

जेफरसन आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांचा मनापासून विश्वास होता की युरोपला आपल्या धान्य-कापसाची गरज आहे, आपल्याला त्यांच्या चैनीच्या वस्तूंची नाही. कायमचे सैन्य म्हणजे कर्ज, कर आणि शेवटी हुकूमशाही, अशी त्यांची धारणा. मोठ्या युद्धनौकांऐवजी त्यांनी किनाऱ्यालगतच्या छोट्या तोफनौका दीडशेहून अधिक बांधल्या. त्यामुळे २२ डिसेंबर १८०७ ला आला तो व्यापारबंदीचा कायदा: एकही अमेरिकी जहाज परदेशी बंदराकडे निघणार नाही.

या कल्पनेत एक नैतिक उंची होती, आणि ती मी हलकी मानत नाही. माणसे मारण्याऐवजी नफा सोडून देऊन शत्रूला नमवायचे, असे एखाद्या सरकारने एवढ्या प्रमाणावर क्वचितच करून पाहिले असेल. पण भार पडला तो आपल्याच माणसांवर. १८०७ मध्ये १०.८ कोटी डॉलर असलेली निर्यात १८०८ मध्ये २.२ कोटींवर आली. न्यू इंग्लंडच्या धक्क्यांवर जहाजे नुसती उभी राहिली, खलाशी आणि दोरखंडवाले बेकार झाले, दक्षिणेत तंबाखू आणि कापूस गोदामांत पडून राहिला. शॅम्प्लेन सरोवरातून लाकूड तराफ्यांवर कॅनडाला जाऊ लागले, मेनच्या पॅसामाक्वोडी उपसागरात पिठाच्या पिंपांची तस्करी उघडपणे चालली. तस्करी थांबवायला जानेवारी १८०९ मध्ये आणखी कडक कायदा आला, जकात अधिकाऱ्यांना संशयावरून माल जप्त करण्याची मुभा मिळाली, गरज पडल्यास लष्करही वापरता येणार होते. लहान सरकारचे व्रत घेतलेल्या पक्षाने आपल्याच नागरिकांच्या बोटी तपासायला सैनिक पाठवावेत, ही त्या धोरणाची सर्वांत दुःखद परिणती. गॅलटिन यांनी कायदा होण्यापूर्वीच जेफरसन यांना लिहिले होते की कायमच्या व्यापारबंदीपेक्षा मला युद्ध परवडेल.

आणि ब्रिटन? १८०७ च्या अखेरीस पोर्तुगालचा दरबार ब्राझीलला पळून गेला होता, १८०८ मध्ये स्पेनने नेपोलियनविरुद्ध उठाव केला, आणि दक्षिण अमेरिकेच्या बाजारपेठा ब्रिटिशांना उघडल्या. नेपोलियनने तर बायोनहून आणखी एक फर्मान काढले: अमेरिकी जहाजांना बाहेर पडायची बंदी आहे, म्हणजे युरोपात दिसणारे प्रत्येक अमेरिकी जहाज छुपे ब्रिटिशच, सबब जप्त.

१ मार्च १८०९ ला, पद सोडण्याच्या तीन दिवस आधी, जेफरसन यांनी हा कायदा मागे घेऊन बंदी फक्त ब्रिटन आणि फ्रान्सपुरती ठेवणाऱ्या विधेयकावर सही केली.

खरी चूक: नोव्हेंबर १८१०

मॅडिसन आता राष्ट्राध्यक्ष. वॉशिंग्टनमधले ब्रिटिश वकील डेव्हिड अर्स्किन यांनी १८०९ मध्ये समझोता केला, अमेरिकेने आनंदाने व्यापार खुला केला, शेकडो जहाजे सुटली. पण अर्स्किन यांनी आपल्याला दिलेल्या सूचनांबाहेर जाऊन सही केली होती. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी समझोता नाकारला आणि मॅडिसन यांना सगळे पुन्हा बंद करावे लागले.

मे १८१० मध्ये काँग्रेसने व्यापार दोघांशीही खुला केला, वर एक आमिष ठेवले. दोघांपैकी जो देश आपले निर्बंध आधी उठवेल, त्याच्यासाठी अमेरिका दुसऱ्याशी व्यापार बंद करेल. नेपोलियनला हे आयतेच मिळाले. ५ ऑगस्ट १८१० ला त्याचे परराष्ट्रमंत्री, ड्यूक ऑफ कादोर, यांनी अमेरिकी वकिलाला पत्र दिले की बर्लिन आणि मिलानची फर्माने रद्द झाली आहेत, १ नोव्हेंबरपासून ती लागू राहणार नाहीत, मात्र ब्रिटनने आपले हुकूम मागे घ्यावेत किंवा अमेरिकेने आपले हक्क त्याला मान्य करायला लावावेत. वाक्यात अट होती, आणि तिचा अर्थ दोन्हीकडे वळवता येत होता. त्याच दिवशी नेपोलियनने जप्त केलेला अमेरिकी माल विकून टाकण्याच्या गुप्त हुकुमावर सही केली.

मॅडिसन यांनी २ नोव्हेंबरला जाहीर केले की फ्रान्सने आपला शब्द पाळला आहे. ब्रिटनला मुदत दिली आणि १८११ च्या सुरुवातीपासून ब्रिटिश माल बंद झाला.

मॅडिसन भोळे नव्हते. त्यांना लंडनवर दबाव हवा होता आणि हाती दुसरे काही उरलेले नव्हते. तरी हा निर्णय मला या प्रकरणातला निर्णायक वाटतो. तोपर्यंत अमेरिकेची तक्रार दोघांविरुद्ध होती आणि तिच्यात नैतिक वजन होते. त्या जाहीरनाम्यानंतर तटस्थता एका बाजूला कलली. फ्रेंच जप्ती थांबल्या नव्हत्या, त्यामुळे ब्रिटनला म्हणता आले की फ्रान्सने निर्बंध उठवल्याचा पुरावा दाखवा, मग आम्ही उठवू. आणि मॅडिसन यांना मागे फिरायचे तर नेपोलियनने आपल्याला फसवले असे जाहीरपणे कबूल करावे लागले असते. एका संशयास्पद पत्रावर राष्ट्राची अब्रू पणाला लागली होती. त्यात १८११ मध्ये वकील पिंकनीही लंडन सोडून परतले. ज्या वर्षी लंडनचे वारे ओळखणारा माणूस सर्वाधिक हवा होता, त्या वर्षी तिथे पूर्ण दर्जाचा अमेरिकी वकील नव्हता.

दोन राजधान्या, मध्ये महासागर

नोव्हेंबर १८११ मध्ये भरलेल्या बाराव्या काँग्रेसने ३४ वर्षांच्या हेन्री क्ले यांना सभापती केले. त्यांच्याबरोबर जॉन कॅल्हून यांच्यासारखे तरुण होते. स्वातंत्र्ययुद्ध त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेले, आणि वर्षानुवर्षांच्या कायदेबाजीचा त्यांना उबग आला होता. त्याच महिन्यात टिपेकनू नदीकाठी विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या अमेरिकी फौजेची तिथल्या मूळनिवासींच्या संघाशी लढाई झाली. शॉनी जमातीचा पुढारी टेकुमसे आणि त्याचा भाऊ टेन्स्क्वाटावा यांनी तो संघ उभा केला होता. त्यांच्या हातांत ब्रिटिश बंदुका दिसल्या, आणि पश्चिमेकडच्या वसाहतकऱ्यांना सगळ्याचे मूळ ब्रिटिशांच्या ताब्यातल्या कॅनडात दिसू लागले. टेकुमसेची माणसे आपली जमीन वाचवण्यासाठी लढत होती, याचा विचार त्या चर्चांत फारसा कुणी केला नाही. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जॉन रँडॉल्फ मात्र सांगत राहिले की या सागरी हक्कांच्या गप्पांमागे कॅनडाचा लोभ आहे. त्यात तथ्य होते. तरीही लोभ हे मुख्य कारण मला पटत नाही, कारण कॅनडा १८०७ मध्येही तिथेच होता. ब्रिटनला जमिनीवरून जिथे हात लावता येईल अशी ती एकमेव जागा होती, म्हणून युद्धाचा रस्ता तिकडे वळला.

इकडे लंडनमध्ये अमेरिकी बंदी अखेर बोचू लागली होती. १८११ मध्ये अमेरिकेला होणारी ब्रिटिश निर्यात कोसळली, पीक वाईट आले, नॉटिंगहॅम परिसरात विणकर यंत्रे फोडू लागले. बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूलहून अर्जांचा ओघ सुरू झाला, हेन्री ब्रूम यांनी संसदेत चौकशी लावली. त्याच चौकशीसाठी ११ मे १८१२ ला पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल सभागृहाकडे येत असताना एका वैफल्यग्रस्त व्यापाऱ्याने त्यांना गोळी घातली. हुकुमांचा सर्वांत कट्टर पाठीराखा गेला. फ्रान्सने दरम्यान अमेरिकी वकील जोएल बार्लो यांच्या हाती बर्लिन-मिलानची फर्माने रद्द केल्याचे एक फर्मान ठेवले होते. त्यावर तारीख एप्रिल १८११ ची, पण त्याआधी ते कुणी पाहिलेले नव्हते. ब्रिटिश सरकारला माघारीसाठी तेवढे निमित्त पुरले. १६ जूनला हुकूम मागे घेण्याची घोषणा झाली, २३ जूनला ते रद्द झाले.

वॉशिंग्टनला मात्र मे अखेरीस पोहोचला होता तो ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कासलरे यांचा एप्रिलचा खलिता, आणि त्यात ठाम नकार होता. अटलांटिक ओलांडायला चार-सहा आठवडे लागत. मॅडिसन यांनी १ जूनला काँग्रेसला संदेश पाठवला आणि तक्रारींच्या यादीत पहिली जागा खलाशांना दिली. प्रतिनिधीगृहात ७९ विरुद्ध ४९, सेनेटमध्ये १९ विरुद्ध १३. विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या एकाही सदस्याने युद्धाच्या बाजूने मत दिले नाही. १८ जूनला सही झाली. लंडनमध्ये हुकूम रद्द व्हायला पाच दिवस उरले होते.

ज्यांची जहाजे पकडली जात होती त्या न्यू इंग्लंडनेच युद्धाला सर्वाधिक विरोध केला, हे अनेकांना कोडे वाटते. त्यांचा हिशेब व्यापाऱ्याचा होता: काही जहाजे गेली तरी जी पोहोचतात ती नफा भरून काढतात. युद्धात सगळीच जातात.

बातमी आल्यावर युद्ध थांबवता आले असते का? ऑगस्टमध्ये कॅनडाच्या सीमेवर दोन्ही सेनापतींनी तात्पुरता तह केलाही. मॅडिसन यांनी तो फेटाळला. व्यापाराची तक्रार मिटली होती, पण सक्तीच्या भरतीवर ब्रिटन हटायला तयार नव्हता. चेसापीकवरून नेलेल्या तिघांपैकी हयात असलेले दोघे जुलै १८१२ मध्ये बॉस्टन बंदरात त्याच जहाजावर परत आणून सोपवले गेले. पाच वर्षे लागली, आणि तोवर युद्ध सुरू झाले होते.

युद्धात आणि नंतर

लष्कर सुमारे ७,००० चे, युद्धनौका जेमतेम १६-१७, आणि सरकारला कर्ज देणारी राष्ट्रीय बँक काँग्रेसने १८११ मध्येच सनद न वाढवून बंद पाडलेली. अशा तयारीनिशी कॅनडावर स्वारी झाली. ऑगस्टमध्ये जनरल हल यांनी डेट्रॉइट शत्रूच्या हवाली केले.

युद्ध पुकारल्यावरही अमेरिकी जहाजे ब्रिटिश परवाने घेऊन स्पेन-पोर्तुगालला पीठ नेत राहिली. तिथे ते खात होते वेलिंग्टनचे सैनिक. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली. ज्या परवान्यांच्या अपमानासाठी तलवार उपसली, तेच परवाने शेतकरी आणि व्यापारी खिशात बाळगून होते. काँग्रेसने यावर बंदी घालेपर्यंत बराच काळ गेला.

२४ डिसेंबर १८१४ ला गेंट येथे तह झाला. त्यात सक्तीच्या भरतीचा उल्लेख नाही, तटस्थांच्या हक्कांचा नाही. सीमा युद्धापूर्वी होत्या तशाच. नेपोलियन पडल्यावर ब्रिटनला खलाशी पळवण्याची गरजच उरली नव्हती. मूळनिवासींना १८११ च्या जमिनी आणि हक्क परत देण्याचे कलम तहात होते. ते पाळले गेले नाही, आणि टेकुमसे १८१३ मध्येच रणात पडला होता. या युद्धात खरोखर हरले ते त्याचे लोक.

तहाची बातमी पूर्वेकडच्या समुद्रात उशिरा पोहोचली. ३० जून १८१५ ला सुंदा सामुद्रधुनीत अमेरिकेच्या पीकॉक या युद्धनौकेला ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचे नॉटिलस हे जहाज भेटले. त्याच्या लेफ्टनंटने शांतता झाल्याचे ओरडून सांगितले, पण पीकॉकच्या कप्तानाने विश्वास न ठेवता झेंडा उतरवायला सांगितले. नकार मिळताच तोफा चालल्या आणि नॉटिलसवर माणसे मेली. दुसऱ्या दिवशी खात्री पटल्यावर जहाज परत देण्यात आले.

१८१६ मध्ये मॅडिसन यांनी तीन कायद्यांवर सह्या केल्या. एकाने नवी राष्ट्रीय बँक उभी राहिली. दुसऱ्याने देशातल्या कारखान्यांना संरक्षण देणारी जकात लागली. तिसऱ्याने मोठ्या युद्धनौका बांधण्यासाठी आठ वर्षे दरसाल १० लाख डॉलर मंजूर झाले. या तिन्ही गोष्टींना त्यांच्या पक्षाने एकेकाळी विरोध केला होता.